कुंडीतल्या छत्रीपासून जीनोमपर्यंत: मुंबईत बुरशीचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात मुंबईकराला बुरशी शोधत फिरावं लागत नाही. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर ती असते, बाल्कनीतल्या कुंडीत असते, सोसायटीच्या आवारात तोडून टाकलेल्या फांदीवर असते, आणि जुलैत त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्याबाहेर खाजवत बसलेल्या रांगेतही असते. प्रश्न पडतो तो तिचं नाव काय, हा. तीसेक वर्षांपूर्वीपर्यंत त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शक, जाडजूड ग्रंथ आणि एखाद्या जाणत्या गुरूच्या नजरेतून मिळायचं. आज त्यात डीएनएची भर पडली आहे, आणि त्या भरीने बुरशीशास्त्राचा बराच जुना संसार विस्कटून नव्याने मांडला आहे.

हा लेख बीएस्सी-एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी निसर्गप्रेमींसाठी आहे. स्वतःची प्रयोगशाळा नाही, पण एक नमुना उचलून त्याच्या नावापर्यंत आणि पुढे जमलं तर जीनोमपर्यंत, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएपर्यंत, जायचंय, अशांसाठी. क्रम सांगतो आहे तो कामाचा आहे. मधल्या गोष्टी वगळल्यात तरी चालेल, पायऱ्या मात्र वगळू नका. त्यातही दुसरी तर नाहीच.

पायरी १: पहिला नमुना सोपा निवडा

नवख्यांची पहिली इच्छा असते जंगलात जायची. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, अळंबीसुद्धा नाही. आरेचाही मोठा भाग आता राखीव वन आहे. तिथे फोटो काढा, नोंदी करा, पण नमुना घराजवळचा घ्या. तीन चांगले उमेदवार सुचवतो.

पहिली, कुंडीतली पिवळीधमक नाजूक छत्री: ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. उष्ण प्रदेशांतली ही बुरशी कुंडीच्या मातीबरोबर जगभर पसरली आहे. झाडाला तिच्यापासून काही त्रास नसतो, माणसाने खाल्ली तर पोट बिघडतं.

दुसरी माझी आवडती: शायझोफायलम कम्यून. मेलेल्या फांदीवर, आंब्याच्या जुन्या ओंडक्यावर, अगदी बांधकामाच्या बांबूवरही नखाएवढ्या पांढुरक्या, केसाळ पंख्यांची रांग दिसते. उलटून पाहिलं की खालच्या प्रत्येक पातीला लांबीभर मधोमध चीर असते. कोरडं पडलं की त्या चिरा वळून मिटतात, पाऊस पडला की पुन्हा उघडतात. हिला ओळखायला चूक होणं कठीण, म्हणून डीएनएच्या पहिल्या प्रयोगाला ती उत्तम: उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आपलं काम बरोबर झालं की नाही ते कळतं. शिवाय तिचा पूर्ण जीनोम २०१० पासून उपलब्ध आहे. त्याकडे शेवटी येऊ. जाता जाता, या बुरशीत नर-मादी असे दोन पक्ष नसून २३ हजारांहून जास्त जुळणीगट असतात. परक्या दोघी समोरासमोर आल्या तर जमण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के. वधूवर सूचक मंडळांनी हेवा करावा अशी सोय.

तिसरा उमेदवार गॅनोडर्मा, म्हणजे रस्त्याकडेच्या गुलमोहर किंवा वर्षावृक्षाच्या बुंध्याशी येणारं लाकडासारखं टणक, लाखेचा हात फिरवल्यासारखं चकचकीत तांबूस फळ. याचं नाव लावणं अवघड आहे. का, ते पाचव्या पायरीत.

हिरवळीवर उगवणाऱ्या मोठ्या पांढऱ्या छत्र्यांपासून मात्र सावध. त्यांत क्लोरोफायलम मोलिब्डायटिस असू शकते. दिसायला अगदी खाण्याजोगी, खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी हैराण करणारी. डीएनएचं उत्तर यायला आठवडे लागतात, आणि आलं तरी ते खाण्याचं प्रमाणपत्र नसतं. या लेखातला कोणताही नमुना ताटात जाणार नाही, हे धरून चला.

पायरी २: तोडण्याआधी टिपा, तोडल्यावर वाळवा

डीएनएच्या नादात सगळ्यात जास्त हेळसांड होते ती इथे. प्रयोगशाळेत नंतर काहीही पुन्हा करता येतं. तुम्ही न टिपलेला वास, न पाहिलेला बुंधा आणि सडून गेलेली छत्री परत येत नाही.

जागेवरच फोटो घ्या: वरून, खालून, बाजूने, आणि देठाचा जमिनीतला भाग दिसेल असा. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. सुरीने देठ कापू नका, बुडापासून उकरून काढा, कारण पुष्कळ जातींची खूण त्या बुडाशीच असते. वहीत लिहा: तारीख, जागा, कशावर उगवली आहे, लाकूड असेल तर कोणत्या झाडाचं, वास, कापल्यावर रंग बदलतो का. कोणतं झाड हे माहीत नसेल तर त्याच्या पानाचाही फोटो घ्या. नमुना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, मुंबईच्या दमटपणात संध्याकाळपर्यंत त्याचा लगदा होतो. वर्तमानपत्राचा कागद किंवा कागदी पाकीट बरं.

घरी आल्यावर बीजाणूंचा ठसा. देठ कापून छत्रीची टोपी पात्या खाली करून कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हात लावू नका. अर्धा कागद पांढरा आणि अर्धा काळा घेतला तर फिकट ठसाही दिसतो. मघाशी सांगितलेल्या क्लोरोफायलमचा ठसा मळकट हिरवा येतो, आणि हिरव्या बीजाणूंच्या छत्र्या फार थोड्या. ज्या माहितीसाठी सिक्वेन्सिंगचं, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचून घेण्याचं, बिल भरायची तयारी होती, ती कागदाच्या तुकड्यावर फुकट मिळते.

मग दोन भाग करा. टोपीच्या आतल्या गरातून, म्हणजे बाहेरची हवा न लागलेल्या जागेतून, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा स्वच्छ चिमट्याने काढून छोट्या नळीत सिलिका जेलसोबत बंद करा. हा डीएनएसाठी. उरलेला अख्खा नमुना वाळवा. जुलैत गच्चीवर ऊन खायला ठेवायचा विचार सोडून द्या. फळं-भाज्या वाळवायचं यंत्र ४० ते ४५ अंश सेल्सिअसवर लावलं की छत्री रात्रभरात कडकडीत होते. जास्त तापवाल तर डीएनए तुटतो, कमी तापवाल तर छत्रीवर दुसरीच बुरशी चढते. मोडल्यावर कुडकुडीत आवाज आला की झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. एकच क्रमांक नळीवर, पिशवीवर, वहीत आणि फोटोच्या नावात.

हा वाळलेला तुकडाच तुमचा पुरावा. उद्या कोणी म्हणालं की तुमचा क्रम चुकीचा आहे, तर त्याला दाखवायला यापलीकडे काही नसतं. महत्त्वाचं काही सापडलं असं वाटलं तर नमुना अधिकृत संग्रहात द्यायला हवा. आपल्याला सोयीचं ठिकाण म्हणजे पुण्याची आघारकर संशोधन संस्था. तिथे अजरेकर कवक संग्रह आहे, आणि जिवंत संवर्धनांसाठी, म्हणजे बशीत वाढवलेल्या बुरश्यांसाठी, राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रहही. परदेशातल्या मित्राकडे नमुना पाठवून काम उरकायचा मोह झाला तर आधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम वाचा. २००२ च्या जैवविविधता कायद्यात बुरशीही येते.

पायरी ३: दार ठोठवा

डीएनए घरी काढता येतो, पण त्यातल्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारं पीसीआरचं यंत्र शेजाऱ्याकडे उसनं मिळत नाही. मुंबईत वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान शिकवणाऱ्या पुष्कळ महाविद्यालयांत ते आहे. कलिनाच्या विद्यापीठ परिसरात जीवशास्त्राशी संबंधित विभाग आहेत. नुसतं ‘मला बुरशीत रस आहे’ असं लिहून ईमेल केलात तर उत्तराची वाट बघत बसाल. वाळवलेले, क्रमांक घातलेले पाच-सहा नमुने, फोटो आणि वही घेऊन जा. असं तयार साहित्य घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला मॅडम किंवा सर सहसा परत पाठवत नाहीत, कारण त्यांनाही प्रकल्पाला विषय हवाच असतो. क्रम वाचण्याचं काम खासगी कंपन्या काही शे रुपयांत एका नमुन्याला करून देतात; तुम्ही पीसीआरपर्यंत पोहोचलात की झालं.

पायरी ४: डीएनए काढा आणि एकच तुकडा वाढवा

बुरशीच्या पेशीभोवती कायटिनची भिंत असते, झुरळाच्या कवचात असतं तेच. ती फोडायला घोटावं लागतं: छोट्या मुसळीने, काचेच्या मण्यांनी किंवा द्रवरूप नायट्रोजन असेल तर त्यात गोठवून. पुढे सीटॅब नावाच्या द्रावणाची पद्धत सर्वत्र चालते, कारण अळंबीतला चिकट शर्करायुक्त भाग ती वेगळा काढते. नाहीतर तोच पीसीआर अडवून बसतो.

अख्ख्या जीनोममधला आपल्याला सध्या फक्त एक तुकडा हवाय. त्याला आयटीएस म्हणतात. रायबोसोम बनवणाऱ्या जनुकांच्या मधला हा भाग पेशीत दहापट-शंभरपट प्रतींमध्ये असतो, म्हणून जुन्या, वाळक्या नमुन्यातूनही मिळतो. त्याच्या दोन्ही बाजूंची जनुकं जवळपास सगळ्या बुरश्यांत सारखी, आणि मधला भाग जातीजातीत वेगळा. १९९० मध्ये त्यासाठीचे प्रायमर, म्हणजे कुठून कुठपर्यंतच्या प्रती काढायच्या ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, प्रसिद्ध झाले, आणि २०१२ मध्ये बुरशीतज्ज्ञांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने आयटीएसला बुरशीचा अधिकृत बारकोड, म्हणजे जात ओळखायचा ठरलेला तुकडा, म्हणून पुढे केलं. नवख्याने आयटीएस-१एफ आणि आयटीएस-४ ही जोडी मागावी. छत्र्यांसाठी ती बहुतेक वेळा चालते, आणि साधारण सहाशे-सातशे अक्षरांचा तुकडा देते.

पीसीआरची ३५ आवर्तनं, मग डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या ॲगॅरोज जेलवर एकच ठळक पट्टा. दोन पट्टे आले तर नमुन्यात दोन बुरश्या असण्याची शक्यता जास्त. एक नळी अशी ठेवा की तिच्यात डीएनएऐवजी फक्त पाणी आहे. तिच्यातही पट्टा दिसला तर सगळी फेरी फेका. ही नळी वाचवायचा मोह पावसाळ्यात तर करूच नका, कारण त्या दिवसांत इथल्या हवेत बीजाणू खच्चून भरलेले असतात. कुंडीतल्या पिवळ्या छत्रीचं उत्तर क्लॅडोस्पोरियम किंवा पेनिसिलियम आलं, तर नवा शोध लागलेला नाही, हवा लागली आहे.

पायरी ५: क्रम वाचा, पण पहिल्या नावावर उडी मारू नका

कंपनीकडून येते ती चार रंगांच्या शिखरांची आलेखफाइल. नुसती अक्षरं कॉपी करून पुढे जाऊ नका, ती फाइल डोळ्यांनी बघा. सुरुवातीची आणि शेवटची काही डझन अक्षरं नेहमी गढूळ असतात, ती छाटा. मध्येच प्रत्येक जागी दोन-दोन शिखरं दिसू लागली तर घाबरू नका: बऱ्याच छत्र्यांच्या प्रत्येक पेशीत दोन वेगवेगळ्या पालकांची दोन केंद्रकं नांदत असतात, आणि दोघांच्या आयटीएसमध्ये एखादं अक्षर कमी-जास्त असलं की तिथून पुढे दोन्ही वाचनं एकमेकांवर चढतात. उलट बाजूनेही वाचून घेतलं असेल तर दोन्ही जोडून पूर्ण क्रम मिळतो.

आता ब्लास्ट. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेच्या संकेतस्थळावर क्रम चिकटवला की जेनबँक या क्रमांच्या सार्वजनिक साठ्याशी तो ताडून मिळतो. यादीतलं पहिलं नाव बघून उठणारे निम्मे असतात. तीन गोष्टी बघा: साम्य किती टक्के, तुमच्या क्रमाचा किती भाग जुळला, आणि ज्याच्याशी जुळला तो क्रम कोणी, कुठल्या नमुन्यातून दिला. सत्त्याण्णव टक्के म्हणजे तीच जात, हा ठोकताळा सगळीकडे ऐकू येईल. कामचलाऊ म्हणून ठीक आहे, पण काही जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांमध्ये, दोन वेगळ्या जातींचं साम्य त्याहून जास्त असतं, आणि काही ठिकाणी एकाच जातीत त्याहून कमी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पडताळणीत, सार्वजनिक साठ्यातल्या बुरशीच्या क्रमांपैकी सुमारे वीस टक्क्यांवर जातीचं नाव चुकीचं असावं, असा अंदाज निघाला होता. गॅनोडर्मा हे त्याचं ठळक उदाहरण. चकचकीत तांबूस गॅनोडर्मा दिसलं की ‘लुसिडम’ म्हणायची आशियाभर पद्धत होती. पण गॅनोडर्मा लुसिडमचं मूळ वर्णन १७८१ मधलं, तेही इंग्लंडमधल्या नमुन्यावरून. डीएनए ताडल्यावर दिसलं की आशियात त्या नावाने ओळखलं जाणारं बरंच काही वेगळ्याच जातींचं आहे. जुनी नावं मात्र साठ्यात तशीच आहेत. तुमचा बुंध्यावरचा नमुना ‘लुसिडम’शी ९९ टक्के जुळला, तर त्याचा अर्थ एवढाच की आधी कोणीतरी तशाच नमुन्याला ते नाव दिलं होतं.

म्हणून तोच क्रम युनाइट या बुरशीच्या खास साठ्यातही टाका. तिथे क्रमांचे गट जाणकारांनी तपासलेले असतात आणि प्रत्येक गटाला कायमचा क्रमांक असतो. नाव नसलेल्या जातींनाही तो असतो, आणि अशा जाती थोड्याथोडक्या नाहीत. आजवर वर्णन झालेल्या बुरश्या दीड लाखाच्या आसपास. २०१७ च्या अंदाजानुसार पृथ्वीवर त्या २२ ते ३८ लाख असाव्यात. मातीतून, पाण्यातून थेट काढलेल्या डीएनएत असे ढीगभर क्रम सापडतात ज्यांची छत्री, बीजाणू, रंगरूप कोणीच पाहिलेलं नाही. नुसत्या क्रमावरून त्यांना अधिकृत नाव देऊ द्यावं का, यावर बुरशीतज्ज्ञांत जोरदार वाद आहे. आजच्या नियमांत ते बसत नाही, नावाला प्रत्यक्ष नमुना लागतो. मला हा नियम बरा वाटतो, जरी त्यामुळे लाखो जाती बिननावाच्या राहणार असल्या तरी.

पायरी ६: आयटीएसचा आवाका ओळखा

लोकलच्या इंडिकेटरवरचं अक्षर गाडी कुठली ते सांगतं, डब्यात कोण बसलंय ते नाही. आयटीएसचं तसंच. ॲस्परजिलस, फ्युझेरियम, ट्रायकोडर्मा या गटांत तर ते अक्षरही पुसट असतं. तिथे कॅल्मोड्युलिन, बीटा ट्युब्युलिन किंवा टीईएफ-१ अशा दुसऱ्या जनुकांचा क्रम घ्यावा लागतो. फ्युझेरियमची जात फक्त आयटीएसवरून सांगणारा अहवाल हातात आला तर तो बाजूला ठेवा.

आणि कधी कधी एकाच जनुकातलं एक अक्षर जीव मेटाकुटीला आणतं. गेल्या काही वर्षांत गजकर्ण, नायटा वर्षानुवर्षं हटत नाही अशी तक्रार देशभर वाढली. त्यामागच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं. या बुरशीच्या पुष्कळ वाणांत त्याच विकराच्या जनुकात बदल झालेले आहेत, त्यामुळे औषध बसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती आपल्या भाऊबंदांसारखीच दिसते. आयटीएस तिचा गट सांगतं, औषध लागू पडेल का हे मात्र त्या दुसऱ्या जनुकातच वाचावं लागतं. केमिस्टकडून स्टेरॉइडमिश्रित मलम आणून चोळणाऱ्यांना यातलं काही सांगून उपयोग नसतो, त्यांना डॉक्टरकडे पाठवा.

पायरी ७: आता जीनोम, लॅपटॉपवर

बुरश्यांचे जीनोम लहान असतात, म्हणून हे क्षेत्र इतरांच्या आधी पळालं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण झाला. केंद्रक असलेल्या सजीवांतला तो पहिला. सव्वा कोटीच्या आत अक्षरं आणि सहा हजारांच्या आसपास जनुकं. माणसाची अक्षरं तीनशे कोटींवर. २००३ मध्ये न्यूरोस्पोरा क्रासा आली, चार कोटी अक्षरं आणि दहा हजार जनुकं घेऊन. पण सगळ्याच आटोपशीर नाहीत: सोयाबीनवर तांबेरा आणणाऱ्या बुरशीचा जीनोम सुमारे सव्वाशे कोटी अक्षरांचा आहे, आणि त्याचा नव्वद टक्क्यांहून मोठा भाग म्हणजे जागा बदलत फिरणाऱ्या, स्वतःच्याच प्रती काढणाऱ्या डीएनएचे तुकडे.

यातून अभ्यासाची दिशाच काही ठिकाणी उलटी झाली. ॲस्परजिलस फ्युमिगेटस ही फुप्फुसाला त्रास देणारी बुरशी फक्त अलैंगिक पद्धतीने वाढते असं शंभरहून अधिक वर्षं मानलं जायचं. २००५ मध्ये तिचा जीनोम वाचला गेला, तर त्यात समागमाला लागणारी जनुकं शाबूत. म्हणजे बुरशी लपूनछपून काहीतरी करत होती. मग काही संशोधकांनी डब्लिनच्या हवेतून गोळा केलेल्या योग्य जोड्या ओटमीलच्या माध्यमावर अंधारात सहा महिने ठेवल्या, आणि २००९ मध्ये तिचा लैंगिक टप्पा जगासमोर आला. आधी जीनोमने प्रश्न विचारला, उत्तर मात्र काचेच्या बशीतूनच आलं. अलैंगिक आणि लैंगिक रूपांना दोन वेगळी नावं द्यायची जुनी रीतही २०११ च्या मेलबर्न नामकरण नियमावलीने मोडीत काढली: एक बुरशी, एक नाव.

साथरोगांत तर याचा उपयोग थेट दिसतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर करपा आला, आशियात पहिल्यांदाच. शेतातल्या रोगट पानांतूनच क्रम वाचून संशोधकांनी माहिती लगेच खुली केली, आणि हा वाण दक्षिण अमेरिकेतल्या गव्हावरच्या करप्याचा आहे हे काही आठवड्यांत कळलं. कॅन्डिडा ऑरिस ही रुग्णालयांत पसरणारी, औषधांना दाद न देणारी यीस्ट २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून पहिल्यांदा वर्णन झाली. ती एका देशातून दुसरीकडे गेली असेल असा सगळ्यांचा कयास. जीनोम ताडले तेव्हा दक्षिण आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा चार वेगळ्या वंशावळी निघाल्या, जवळपास एकाच काळात स्वतंत्रपणे डोकं वर काढलेल्या.

नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला यातलं एक सत्य औषधाच्या बिलातून माहीत असतं. वेलीवरची भुरी ही खरी बुरशी. केवडा हा वेलीवरचा दुसरा रोग, तो मात्र बुरशीच नाही: डीएनएवरून तो समुद्रातल्या तपकिरी शैवालांच्या गोतावळ्यात बसतो. सुपारीवर कोळेरोग आणणारा फायटोफ्थोराही त्याच गोतावळ्यातला. बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलची निर्मिती अडवणारी ट्रायाझोल गटातली औषधं भुरीवर चालतात, केवड्यावर नाही, कारण केवडा अर्गोस्टेरॉल बनवतच नाही.

तुमच्यासाठी पहिला सराव सांगतो. अमेरिकेच्या जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटचं मायकोकॉझम हे संकेतस्थळ उघडा. तिथे दोन हजारांहून अधिक बुरश्यांचे जीनोम आहेत, आणि बघायला पैसे पडत नाहीत. जे अजून प्रसिद्ध झालेले नाहीत त्यांचा उपयोग शोधनिबंधात करायचा तर परवानगी घ्यावी लागते, ही अट वाचून ठेवा. शायझोफायलम कम्यून निवडा आणि तुमचा आयटीएस तिथल्या ब्लास्टमध्ये टाका. तो अर्धवट सापडला किंवा सापडलाच नाही तर गोंधळू नका: शंभर सारख्या प्रती एकापुढे एक असल्या की जीनोम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचाच गोंधळ होतो, आणि तो भाग बहुतेकदा गाळला जातो. बारकोड म्हणून सोयीचा असलेला तुकडा जीनोम जुळवताना सगळ्यात गैरसोयीचा.

दुसरा सराव जास्त मजेचा. झाडाच्या लाकडातलं लिग्निन फोडायला काही बुरश्या पेरॉक्सिडेज गटातली विकरं वापरतात. गॅनोडर्माच्या जीनोममध्ये ‘दुसऱ्या वर्गाची पेरॉक्सिडेज’ शोधा, सापडतील. मग शायझोफायलममध्ये शोधा. नाहीत. तरी पाठ्यपुस्तकं तिला लाकूड पांढरं कुजवणाऱ्यांत, म्हणजे लिग्निन फोडणाऱ्यांच्या पंगतीत बसवतात. पांढरी कूज आणि (लिग्निन बरंचसं तसंच ठेवणारी) तपकिरी कूज ही पुस्तकातली रेघ जीनोम वाचल्यावर पुसट झाली, ती अशा उदाहरणांमुळे. सोसायटीच्या एकाच तुटक्या फांदीवर शेजारीशेजारी दिसू शकतील अशा या दोन बुरश्या लाकडाशी दोन तऱ्हांनी वागतात, आणि ते घरबसल्या तासाभरात बघता येतं.

पुढे हात मोकळा झाला की गॅलेक्सी हा मोफत सर्व्हर आहे, तिथे यीस्टचे कच्चे क्रम घेऊन जीनोम जुळवून बघता येतो. तुमचा लॅपटॉप जुना असला तरी अडत नाही, काम तिकडच्या संगणकावर चालतं. हातात मावणारी नॅनोपोर यंत्रंही आता काही प्रयोगशाळांत असतात. त्यांचं वाचन लांबलचक असल्यामुळे आयटीएसच्या शेजारची जनुकंही एकाच दमात मिळतात. पण स्वतःच्या नमुन्याचा पूर्ण जीनोम वाचायचा तर आधी त्या बुरशीचं शुद्ध संवर्धन बशीत वाढवावं लागेल. छत्रीच्या गरात जीवाणू, किडे, दुसऱ्या बुरश्या सगळ्यांचाच डीएनए असतो, आणि मग जुळवलेला जीनोम कोणाचा, हे सांगता येत नाही.

पायरी ८: क्रम जमा करा

काम वहीत ठेवून देऊ नका. जेनबँकमध्ये क्रम भरताना जागा, तारीख, कशावर उगवली होती आणि वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक या रकान्यांकडे लक्ष द्या. शेवटचा रकाना भरला नाही तरी अर्ज पुढे सरकतो, म्हणून साठ्यात असे हजारो क्रम आहेत ज्यांचा नमुना कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. जातीची खात्री नसेल तर जीनसच्या पुढे फक्त ‘एसपी.’ लिहा. जवळचं नाव ठोकून द्यायचं नाही, मार्गदर्शकांनी आग्रह केला तरी. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका आणि दोन्ही नोंदींत एकमेकींचा क्रमांक द्या.

मग दर पावसाळ्याच्या शेवटी जुने क्रम पुन्हा ब्लास्टला लावा. साठा रोज वाढतो, परवा अनोळखी वाटलेला क्रम आज एखाद्या अधिकृत नमुन्याशी जुळू शकतो. जुळला तर जेनबँकला ईमेल करून तुमच्या नोंदीतलं नाव बदलून घ्या. तिथली नोंद दुरुस्त करायचा हक्क ज्याने ती भरली त्यालाच असतो, दुसऱ्या कोणाला चूक दिसली तरी तो ती बदलू शकत नाही. त्यामुळे अर्जात कॉलेजचा तात्पुरता ईमेल देऊ नका, शिक्षण संपल्यावरही चालू राहील असा द्या.